ज्याचा त्याचा वारा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. फोनवर म्हणाले, "तू तिकडं विमानं उडवतोस म्हणे, त्याच्यावरच बोल." हे गावात पोचायला वेळ लागला नाही. काल बसस्टँडवर एका काकांनी मला विचारलं, "लातूरहून मुंबईला विमान कधी सुरू करतोस?" म्हणून आधीच सांगून टाकतो. मी पायलट नाही. मी नोकरीनं इंजिनिअर आहे, दक्षिण वेल्समध्ये राहतो. माझ्या विमानात माणूस बसत नाही, इंजिन नसतं, पंखा नसतो, पेट्रोल लागत नाही. त्याला ग्लायडर म्हणतात. ते डोंगराच्या कडेवरून हातानं फेकायचं, हातातल्या रिमोटनं वळवायचं, आणि ते हवेत राहतं ते केवळ वाऱ्यावर. याच्या स्पर्धा होतात आणि त्यातल्या बऱ्याच मी भर हिवाळ्यात खेळतो. घरचे त्याला वेड म्हणतात. आपल्याकडं शब्द आणखी थेट आहे, पण समोर बाई बसल्या आहेत म्हणून वापरत नाही.

इंजिन नसताना हे हवेत राहतं कसं, हे आधी सांगतो. आपल्या माळावर दुपारच्या वेळी घार तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. टेकडीच्या अंगाला वारा सुटलेला असतो आणि घार पंख न हलवता एकाच जागी तोलून राहते. वारा सपाट रानातून येतो, टेकडीला धडकतो, त्याला पुढं वाट नसते म्हणून तो वर चढतो. चढणाऱ्या त्या हवेत जे काही तरंगेल ते वर राहतं. ग्लायडर हा खरं तर सतत खाली येणाराच प्राणी आहे. शांत हवेत तो सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर खाली उतरतो. पण भोवतालची हवाच सेकंदाला दोन मीटरनं वर चढत असेल, तर तो उतरता उतरता चढतो. चालत्या एस्कलेटरवर उलट्या दिशेनं सावकाश उतरणाऱ्या माणसासारखं.

हे काही नवं शास्त्र नाही. राइट बंधूंनी इंजिनाचं विमान उडवलं ते १७ डिसेंबर १९०३ ला, आणि तोसुद्धा कडाक्याच्या हिवाळ्यातला दिवस होता. डबक्यांवर बर्फ धरलं होतं आणि ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वारा वाहत होता. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, शेवटचं ५९ सेकंदांचं. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोतानं विमान उलथवलं आणि मोडून टाकलं. पुढं १९११ च्या ऑक्टोबरमध्ये ऑरव्हिल राइट त्याच किनाऱ्यावर इंजिन नसलेलं ग्लायडर घेऊन परत आला आणि वाळूच्या टेकडीवरच्या वाऱ्यात पावणेदहा मिनिटं हवेत राहिला. तो विक्रम दहा वर्षं टिकला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांची बंधनं आली, तेव्हा तिथली पोरं वासेरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमली. १९२० पासून तिथं ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या. आपल्या महाराष्ट्रातही हाच वारा कामाला येतो. लोणावळ्याजवळ कामशेतला आणि पाचगणीला लोक पॅराग्लायडिंग करतात, ते डोंगराच्या कडेनं चढणाऱ्या याच हवेवर. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथं माणूस बसलेलं खरं ग्लायडर उडतं. मी पुण्यात शिकत असताना एन.सी.सी.च्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाची मॉडेलं करायला शिकलो. खूळ तिथलं आहे. वाढलं ते वेल्समध्ये.

आता स्पर्धेविषयी. या प्रकाराला एफ-थ्री-एफ म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, नियम कबड्डीपेक्षा सोपे आहेत. डोंगराच्या कडेवर एकमेकांपासून १०० मीटरवर दोन रेषा मानतात. ग्लायडर फेकलं की ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात जमेल तितकी उंची गाठायची, मग पहिल्या रेषेतून आत शिरायचं आणि या रेषेपासून त्या रेषेपर्यंत दहा वेळा जायचं. म्हणजे एकूण एक किलोमीटर. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो पहिला. रेषा ओलांडली की तिथं बसलेला माणूस बटण दाबतो, बझर वाजतो, आणि त्या आवाजावर आपण वळायचं. चांगल्या वाऱ्यात हा एक किलोमीटर पस्तीसेक सेकंदांत होतो. म्हणजे वळणं धरून सरासरी वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, आणि इंजिन नाही.

या ग्लायडरचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे तीन मीटर असतात. कार्बन फायबरचे, आतून पोकळ. रिकामं वजन दोन-अडीच किलो. किंमत विचारू नका. विचारलीच आहे तर सांगतो, आतल्या यंत्रांसकट दीड-दोन लाखांपर्यंत जाते. माझे मोठे बंधू म्हणाले, "एवढ्यात बैलजोडी आली असती." त्यांचं बरोबर आहे. फरक एवढाच की बैलजोडी डोंगरावरून फेकता येत नाही.

जोराच्या वाऱ्यात आम्ही या ग्लायडरच्या पोटात आणि पंखात पितळेच्या किंवा शिशाच्या कांड्या भरतो. हवेत उडणाऱ्या वस्तूला मुद्दाम जड करायचं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण तुम्ही तर उफणणी पाहिलेली माणसं आहात. खळ्यावर तिवईवर उभं राहून कुणी सुपातून रास सोडली की भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो आणि दाणा वाऱ्याला न जुमानता सरळ खाली येतो. वारा तोच, फरक वजनाचा. हलकं ग्लायडर जोराच्या वाऱ्यात भुशासारखं मागं ढकललं जातं. जड झालं की ते वाऱ्याला छेदून पुढं जातं. हिशेबही सोपा आहे. अडीच किलोचं चार किलो केलं, तर त्याच कोनात घसरताना त्याचा वेग सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. अर्थात जडपणाची किंमत मोजावी लागते. वारा पडला तर जड ग्लायडर लवकर खाली येतं. म्हणून फेकण्याआधी प्रत्येक जण आकाशाकडं बघत उभा असतो आणि किती कांड्या भरायच्या याचा अंदाज बांधत असतो. आपल्याकडं पेरणीआधी मृगाच्या ढगांकडं बघत उभे असतात, अगदी तसा.

मग हिवाळ्यातच का? त्याला कारण आहे. हिवाळ्यात अटलांटिक महासागरावरून एकामागून एक वादळी पट्टे येतात आणि वेल्सच्या डोंगरांवर आदळतात. शिवाय थंड हवा दाट असते. समुद्रसपाटीला शून्य अंशांवर एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२९ किलो भरतं, आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांना ते १.१३ च्या आसपास येतं. म्हणजे तिकडची हिवाळी हवा आपल्या उन्हाळी हवेपेक्षा जवळजवळ चौदा टक्के दाट. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यात जास्त बळ असतं. ज्याला वेग हवा त्यानं थंडीत जायचं.

मी ज्या डोंगरावर जास्त उडवतो त्याला तिकडचे लोक 'बुल्ख' म्हणतात. वेल्श भाषेत बुल्ख म्हणजे खिंड. ऱ्होंडा खोऱ्याच्या वरच्या अंगाला हा घाट आहे, उंची सुमारे साडेचारशे मीटर. आपण त्याला फार तर टेकडी म्हणू. खाली दगडी कोळशाच्या खाणींची गावं आहेत. एकेकाळी सगळं खोरं कोळशावर जगलं, शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. डोंगराला वेगवेगळ्या दिशांच्या कडा आहेत, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी एखादी कड त्याला सामोरी असतेच. झाडं नाहीत, गवत आणि मेंढ्या आहेत. मेंढ्या अशा धीट की गाडीचं दार उघडं ठेवलं तर डबा खातात.

थंडीचं म्हणाल तर आपल्याकडं पौषात पहाटे गारठा पडतो, शेकोटीभोवती बसून आपण हुरडा खातो आणि दहा वाजता स्वेटर काढतो. तिकडची थंडी वेगळी. थर्मामीटर दोन अंश दाखवत असतो, पण ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ती उणे पाचासारखी लागते. बोटं पहिली बधिर होतात, आणि हा सगळा खेळ दोन अंगठ्यांचा आहे. म्हणून रिमोटला एक मोठी पिशवी चढवतात, तिच्यात दोन्ही हात घालायचे आणि वर पारदर्शक खिडकीतून बघायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं माणूस पोटाशी लेकरू धरून उभा आहे. बॅटऱ्यांचा दम थंडीत लवकर संपतो. पंख घट्ट बसवायला लावलेली चिकटपट्टी ओल्या गारठ्यात चिकटत नाही, ती आधी खिशात ऊब देऊन ठेवावी लागते. डोळ्यांतून पाणी येतं. आणि सूर्य! डिसेंबरात भर दुपारी तिथं सूर्य क्षितिजापासून फक्त पंधरा अंशांवर असतो. आपल्या जळकोटला त्याच दिवशी तो अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या कडेवर उभं राहिलं की तो नेमका डोळ्यांत येतो आणि ताशी सव्वाशेच्या वेगानं जाणारं ग्लायडर त्या झगमगाटात दोन क्षण दिसेनासं होतं. दिवसही आठच तासांचा. सकाळी उजाडायच्या आत घर सोडायचं आणि चार वाजता अंधार पडायच्या आत सामान आवरायचं.

या खेळात धोका आहे, तोही सांगतो. चार किलोचं ग्लायडर ताशी शंभराच्या वर असताना त्याच्यात जेवढा जोर असतो, तेवढाच साठ किलोचं पोतं दहा फुटांवरून पडताना असतो. ते माणसावर पडलं तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. म्हणून कडेच्या आत एक सुरक्षेची रेषा आखतात. उडत्या ग्लायडरनं ती ओलांडली की शंभर गुण कापले जातात. वाऱ्यालाही मर्यादा आहे. सेकंदाला ३ मीटरपेक्षा कमी किंवा २५ मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर खेळायचं नाही. २५ मीटर म्हणजे ताशी ९० किलोमीटर, त्यात माणसालाच उभं राहणं अवघड. धुकं कडेवर चढलं की सगळं थांबतं. मग गाड्यांत बसून चहा प्यायचा आणि धुक्याची वाट बघायची. मी अशा एका रविवारी सहा तास गाडीत बसून, एकही फेरी न होता घरी परतलो आहे. नेम नसलेल्या गोष्टीची वाट बघण्याची सवय मराठवाड्याच्या माणसाला असते, त्याचा तिथं फायदा होतो.

मंडळी, इथपर्यंतचं झालं खेळाचं कौतुक. मला खरं सांगायचं आहे ते पुढं आहे.

या स्पर्धेत सगळे एकदम उडवत नाहीत. एकामागून एक, ज्याची त्याची बारी आली की. वीस जण असले तर एक फेरी संपायला बराच वेळ जातो. तेवढ्यात वारा तोच राहतो का? राहत नाही. एकाच्या वेळी वारं भरात असतं, दुसऱ्याच्या वेळी ढग येतो आणि वारं बसतं. ग्लायडर तेच, हात तेच, सराव तोच, पण एकाला पस्तीस सेकंद लागतात आणि दुसऱ्याला पन्नास.

मागच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. सकाळी नैर्ऋत्येचा दणदणीत वारा होता. मधूनच बारीक गारांचा मारा येई, तोंडावर वाळू फेकल्यासारखा. पहिल्या तीन फेऱ्या छान झाल्या. चौथ्या फेरीत माझ्या चार जण आधी एकानं ३४ सेकंदांत काम उरकलं. माझी बारी आली आणि मागून एक मोठा काळा ढग सरकला. वारा मोजणारं यंत्र सेकंदाला चौदा मीटरवरून सहावर आलं. सहा म्हणजे तीनच्या वरच, त्यामुळे फेरी पुन्हा खेळायची सोय नाही. पोटात कांड्या भरलेल्या. ३० सेकंदांत जेवढी उंची मिळाली तेवढी घेऊन आत शिरलो, प्रत्येक वळण जितकं सफाईनं घेता येईल तितकं घेतलं. बरोबर ५१ सेकंद लागले. माझ्यानंतरच्या दोघांचंही तसंच झालं. तिसऱ्याच्या वेळी ढग सरला आणि त्याला पुन्हा ३६.

गुण कसे देतात बघा. फेरीतल्या सर्वोत्तम वेळेला हजार गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. ३४ भागिले ५१, म्हणजे मला ६६७. कागदावर कुणी फक्त ही फेरी पाहिली तर म्हणेल, याला काही येत नाही, उगाच आला. पण नियम करणारी माणसं शहाणी होती. त्यांना ठाऊक होतं की वारा सगळ्यांना सारखा मिळत नाही. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, एका फेरीवर निकाल लावायचा नाही, दिवसभरात जितक्या होतील तितक्या फेऱ्या खेळायच्या. दुसरी, तीनपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या तर प्रत्येकाची सगळ्यात वाईट एक फेरी हिशेबातून काढून टाकायची. चौदाच्या वर झाल्या तर दोन. त्या दिवशी सहा फेऱ्या झाल्या, माझी चौथी गळाली, आणि मी एकोणीस जणांत सातवा आलो. माझ्या हाताचं जे खरं मोल होतं, ते तिथं उतरलं.

यात आणखी एक गोष्ट आहे. त्या रेषांवर बटण दाबायला पगारी माणसं नसतात. आम्हीच बसतो. म्हणजे मी उडवत असताना माझ्यासाठी बटण दाबणारा माझा प्रतिस्पर्धीच असतो, आणि त्याच्यासाठी मी. त्या थंडीत, त्या गारांत, नाकातून पाणी गळत असताना, आपल्याला हरवू शकणाऱ्या माणसासाठी अगदी अचूक क्षणी बटण दाबायचं. आमच्यात एक म्हातारा आहे, पूर्वी खाणीत काम केलेला. तो सगळ्यात जास्त वेळ रेषेवर बसतो. मी एकदा त्याला म्हणालो, जरा गाडीत जाऊन बसा, मी बसतो. तो म्हणाला, "खाणीत वरच्याला खालच्याचा भरवसा असावा लागायचा. इथं तेवढंच आहे, फक्त उजेड जास्त."

आता मी माझ्या वर्गाकडं वळतो.

मार्च १९८८. आपली दहावी. मार्च म्हणजे आपल्याकडं काय असतं, हे बोर्डाच्या वेळापत्रकात कधी लिहिलेलं नसतं. मार्च म्हणजे सुगी. ज्वारी काढायला आलेली असते. ज्यांच्या घरी चार एकर कोरडवाहू आणि हात मोजके, त्यांची पोरं पेपरच्या आदल्या दिवशी रानात होती. मी नव्हतो. माझे वडील नोकरीत होते, घरी विजेचा दिवा होता, आणि परीक्षेच्या महिन्यात मला कुणी पाणी आणायलासुद्धा सांगितलं नाही. माझ्या बारीला वारा भरात होता. माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा, नाव घेत नाही, तो इथं समोरच बसला आहे, गणितात माझ्यापुढं होता. माझ्या वहीतली उदाहरणं त्याच्याकडून उतरवलेली असायची आणि हे सरांनाही माहीत होतं. इंग्रजीच्या पेपरच्या आधी दोन दिवस तो रानात कडबा बांधत होता. तो इंग्रजीत गेला. मग ऑक्टोबरची वारी केली, पण ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन नसलं तरी मूग-उडीद आणि रब्बीच्या पेरणीची घाई. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला पैसे मागायची त्याला लाज वाटली. संपलं.

आपल्या तुकडीत असे किती जण होते ते तुम्हीच आठवा. मुली तर त्याहून जास्त. एका विषयात अडकली की "आता काय करायचंय शिकून" म्हणून त्याच उन्हाळ्यात लग्न. पोरांना निदान ऑक्टोबर तरी होता, पोरींना तोही नव्हता. गावानं त्या सगळ्यांवर एक शिक्का मारला, 'नापास'. तो शिक्का छत्तीस-सदतीस वर्षं टिकला आहे. आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर 'शिक्षण' या रकान्यापुढं काही जणांनी पेन खाली ठेवलं, मी स्वतः पाहिलं. काही जण तर या रकान्यापायीच आज आलेले नाहीत.

मला त्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमचा निकाल एका फेरीवर लागला, आणि ती फेरी वारं बसलेलं असताना झाली. पेपर सगळ्यांना सारखाच होता, तपासणाऱ्यांनी न्यायानं तपासला, यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण एक फेरी म्हणजे माणूस नव्हे. आणि आमच्यापैकी जे पुढं गेले, त्यांनीही हे लक्षात ठेवावं की आपल्या पस्तीस सेकंदांत थोडा हात होता आणि बराच वारा होता. मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. मी मेहनत केली, तुम्हीही केली. पण मेहनत तर ५१ सेकंदवाल्यानंही तेवढीच केलेली असते.

त्या बाकावरच्या मित्राकडं बघा. पुढच्या तीस वर्षांत त्यानं कोरडवाहू जमिनीत विहीर पाडली, दोन बहिणींची लग्नं केली, तीन लेकरं शिकवली. त्यातली एक आज नर्स आहे. मी या सगळ्या फेऱ्या मोजल्या तर १९८८ ची ती एक गळून पडते.

पण बोलून कुणाचा रकाना भरत नाही. म्हणून वीस मिनिटांतली शेवटची तीन मिनिटं मी एका मागणीसाठी वापरतो.

या मेळाव्याच्या निमित्तानं जो निधी जमला आहे, त्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधायची असं घाटत आहे. कमान चांगलीच दिसेल, माझा विरोध नाही. पण त्याआधी, किंवा निदान त्याच्या सोबतीनं, आपण एक काम करू. आपल्या शाळेतून दहावीला जी लेकरं दरवर्षी एक-दोन विषयांत अडकतात, त्यांच्यासाठी पुन्हा परीक्षेचं शुल्क आपण भरायचं, आणि परीक्षेपर्यंत त्यांना संध्याकाळी शिकवायला कुणीतरी बसवायचं. आता पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकर होते, आपल्यासारखं ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागत नाही. आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांचं वय उलटून गेलं, त्यांच्यासाठी बोर्डाची १७ नंबरच्या फॉर्मची सोय आहे, खाजगीरीत्या बसता येतं. ती पन्नाशीलाही चालते. शुल्क फार नसतं. लाज फार असते. ती कमी करायला सोबत लागते, आणि ती सोबत आपण होऊ शकतो. इथं निवृत्त शिक्षक बसले आहेत, आपल्यातले तिघे-चौघे स्वतः शिक्षक आहेत. इंग्रजी आणि गणिताचे संध्याकाळचे दोन तास, बस्स. माझ्या वाट्याचं मी आजच कोषाध्यक्षांकडं दिलं आहे. रक्कम सांगत नाही, बैलजोडीपेक्षा कमी आहे, नाहीतर बंधू पुन्हा बोलतील.

आणखी एक. वर्गमैत्रिणींपैकी दोघींनी काल मला हळूच विचारलं की या वयात बसलं तर लोक हसतील का. हसतील. तिकडं त्या डोंगरावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा त्या पिशवीत हात घातलेल्या माझ्यावरही रस्त्यानं जाणारे हसत होते. थंडी वाजत होती म्हणून मी हात बाहेर काढले नाहीत. तुम्हीही काढू नका. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर बसायला आम्ही येऊ.

उद्या सकाळी साडेसहाला मी एक साधं थर्मोकोलचं ग्लायडर घेऊन माळावर जाणार आहे. रिमोट नाही, कांड्या नाहीत, नाकाला थोडी माती लावून तोल साधायचा. शाळेतल्या ज्या लेकरांना यायचं असेल त्यांनी यावं, गार वारं असतं तेव्हा कानाला मफलर बांधून. घारीला हेवा वाटेल असं काही होणार नाही, पण टेकडीला लागून वारा कसा वर चढतो ते हाताला कळेल. विज्ञानाचे सर येणार आहेत, त्यामुळे अभ्यास बुडतो अशी तक्रार कुणी करू नये.

संयोजकांनी, विशेषतः ज्यांनी तीन महिने फोन करून करून आपल्या तुकडीतली माणसं हैदराबादपासून पुण्यापर्यंत शोधून काढली त्यांनी, मोठं काम केलं आहे. त्यांचे आभार. ज्या गुरुजनांनी आम्हाला लिहायला, वाचायला आणि बेंबीच्या देठापासून पाढे म्हणायला शिकवलं, त्यांच्या पायावर डोकं. आणि जे आज आलेले नाहीत त्यांच्या घरी आपल्यापैकी कुणीतरी आज संध्याकाळी जावं, एवढी विनंती. निधीची वही कोषाध्यक्षांकडं दारापाशी आहे, आणि १७ नंबरच्या फॉर्मची माहिती लिहिलेला कागद तिच्याच शेजारी ठेवला आहे.